खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील देहनिंदा : वजनकाटा, वचन आणि कायदा

प्रस्तावना :

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने भारतीय स्वयंपाकघरात जे बदल घडवून आणले, त्यांची चर्चा बहुधा पदार्थांच्या अंगाने होते. न्याहारीला मक्याच्या लाह्यांऐवजी मक्याचे कॉर्नफ्लेक्स आले, दुधात पावडर आली, फोडणीच्या तेलाला हृदयाची काळजी वाहण्याचे काम मिळाले. या पदार्थांबरोबर शरीराकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टीही घरात आली, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. विशेष म्हणजे ही दृष्टी पदार्थ विकत न घेणाऱ्या घरांतही पोचली. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावात वजन घटविणाऱ्या न्याहारीचा डबा फार थोड्या घरांत जात असेल. परंतु त्या डब्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर आणि आता भ्रमणध्वनीवर सर्वच घरांत पाहिली जाते. वस्तू विकली गेली नाही तरी वस्तूसोबतचा विचार फुकट वाटला जातो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत लठ्ठ वा किडकिडीत माणसाची उघड टवाळी ही त्यातल्या त्यात किरकोळ बाब होय. अधिक खोलवरचे काम होते ते शरीराच्या मापाला माणसाच्या लायकीचे माप बनविण्यातून. आणि या प्रक्रियेत दोषी ठरते ती बहुतेक वेळा घरातील स्त्री. दुसरे असे की, आपला कायदा दीर्घकाळ जाहिरातीतील वचन खरे की खोटे एवढेच तपासत आला. त्या वचनासाठी कोणाला हसवले गेले, हा प्रश्न त्याच्या कक्षेत फार उशिरा आला.

संज्ञेविषयी थोडेसे :

बॉडी शेमिंग या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत शरीरलज्जा, देहनिंदा असे प्रतिशब्द योजले जातात. येथे 'देहनिंदा' हा शब्द जाणीवपूर्वक स्वीकारला आहे. लज्जा ही ज्याला वाटते त्याच्या माथी राहते. निंदा म्हटले की ती करणारा कोणीतरी आहे हे भाषेतच मान्य होते.

मराठी लोकव्यवहारात शरीराच्या आकारावर बोलण्याची मुभा पूर्वापार आहे, आणि ती एकाच दिशेची नाही. बाळ बाळसे धरते, मुलगी अंगाने भरते, माणूस वाळतो, रोडावतो. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलण्यात 'तब्येत झाली' म्हणजे वजन वाढले. आणि हे कौतुकाने म्हटले जाते. खात्यापित्या घरचा माणूस जरा स्थूल असणारच, हा समज दुष्काळाच्या प्रदेशात स्वाभाविकच म्हणावा लागेल. त्याच बोलीत काडीपहिलवान आहे आणि ढोल्याही आहे. विवाहविषयक छोट्या जाहिरातींत मात्र 'सडपातळ' या एकाच शब्दाला वर्षानुवर्षे मान मिळाला, तोही केवळ वधूच्या बाबतीत. तेव्हा आपल्या परंपरेत देहनिंदा नव्हती आणि ती जाहिरातींनी बाहेरून आणली, असे म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच 'अष्टौनिन्दितीय' आहे. त्यात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही येतात. एवढेच नव्हे तर अतिकृष्णाबरोबर अतिगौरही येतो. वैद्यकाचा हा ग्रंथ निदान दोन्ही टोकांना गांभीर्याने पाहतो आणि उपचाराकडे वळतो. हिंदी चित्रपटाने यातले एकच टोक हास्यासाठी निवडले. उमादेवी खत्री या चांगल्या गायिकेला पडद्यावर 'टुनटुन' हे नाव मिळाले आणि पुढे कितीतरी शाळांतील स्थूल मुलींना ते चिकटले. जाहिरातीला हा हास्याचा साठा आयता मिळाला.

दोन वजनकाटे :

मराठवाड्यात वजनाचा प्रश्न प्रथम बालकाच्या वजनाचा आहे. बालकुपोषणाविरुद्ध राज्यव्यापी काम करणारे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली औरंगाबादेत सुरू झाले. त्यामागे या विभागातील महसूल प्रशासनाने त्याआधी हाती घेतलेल्या मोहिमेचा अनुभव होता. त्या मोहिमेतील सर्वांत मूलभूत काम कोणते, तर प्रत्येक बालकाचे वजन खरोखर घेणे आणि खरे लिहिणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. म्हणजे मूल बारीक आहे ही काळजी आपल्याकडे कल्पित नाही. जाहिरातीचे यश नेमके येथे आहे. ती खऱ्या काळजीवर उभी राहते.

अंगणवाडीतील वजनकाटा आणि जाहिरातीतील वजनकाटा यांत मोठा फरक आहे. अंगणवाडी सेविका मुलाचे वजन त्याच्या वयाशी ताडते, वृद्धी-आलेखाच्या हिरव्या, पिवळ्या वा केशरी पट्ट्यात त्याची जागा पाहते, आणि मागील महिन्याच्या नोंदीशी तुलना करते. तिच्या दृष्टीने मूल हे त्याच्या स्वतःच्या मागील महिन्याशी स्पर्धा करीत असते. जाहिरातीत मूल शेजारच्या मुलाशी स्पर्धा करते. तेथे काटा नसतो, आलेख नसतो; दोन मुले पाठीला पाठ लावून उभी केली जातात आणि एक बुटके ठरते.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित उदाहरण कॉम्प्लानचे आहे. 'मी कॉम्प्लान बॉय', 'मी कॉम्प्लान गर्ल' असे अभिमानाने सांगणारी मुले एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात आहेत. शाहिद कपूर आणि आयेशा टाकिया हे पुढे नावारूपाला आलेले कलावंत बालपणी याच जाहिरातीत चमकले होते. या उत्पादनाच्या जाहिरातींचा रोख वर्षानुवर्षे उंचीवर राहिला. हॉर्लिक्सने उंच, बळकट आणि तल्लख या तीन विशेषणांची माळ केली. या तीनांपैकी पहिले दोन शरीराचे आहेत, तिसरे बुद्धीचे. त्यांना एका दमात उच्चारले की बुटका मुलगा अभ्यासातही मागे असणार, हे न बोलता बोलले जाते. रूढ साचा तयार होतो तो असा. हेच तीन शब्द असलेली, मूळ बांगलादेशासाठी तयार केलेली हॉर्लिक्सची एक जाहिरात २००८ साली ब्रिटनमध्ये दिसली, तेव्हा तेथील जाहिरात मानक संस्थेने पुराव्याअभावी तिला मनाई केली. आपल्याकडे हे शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकत राहिलो.

हॉर्लिक्सला उणीव आधी निर्माण करून मग ती भरून काढण्याची कला जुनीच अवगत होती. १९३० च्या दशकात या कंपनीच्या जाहिरातींनी 'रात्रीची उपासमार' नावाची एक अवस्था लोकांपुढे मांडली. झोपेत शरीर उपाशी राहते, म्हणून सकाळी थकवा येतो, म्हणून कामात अपयश आणि संसारात कुरबुर, अशी ती साखळी होती. उपाय अर्थातच एक कप.

बालकांच्या संदर्भात कायद्याने एके ठिकाणी मात्र चित्रालाच हात घातला, आणि ते फार बोलके आहे. गुटगुटीत बाळाचे छायाचित्र हे दुधाच्या पावडरीच्या डब्याचे जणू कुलचिन्ह होते. शिशुदुग्ध पर्यायी पदार्थ, दूधबाटल्या व शिशुआहार यांसंबंधीच्या १९९२ च्या अधिनियमाने डब्यावर शिशूचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यास बंदी केली. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहारालाही नियम अधिक कडक झाले. म्हणजे एखाद्या विशिष्ट आकाराचे शरीर दाखविणे हेच मुळात दिशाभूल करणारे असू शकते, हे भारतीय संसदेने तीन दशकांपूर्वीच मान्य केले होते. ही समज दोन वर्षांच्या उंबरठ्यावर थांबली. मूल दोन वर्षांचे झाले की लहान मुलांसाठीच्या पावडरींचा दुसरा वर्ग सुरू होतो आणि डब्यावर हसरी मुले परत येतात.

पिशोरच्या किराणा दुकानांत मोठ्या डब्यांपेक्षा पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळाच अधिक लटकलेल्या दिसतात. ज्या आईला पूर्ण डबा परवडत नाही तिला एका पुडीपुरते समाधान विकत घेता येते. त्या पैशांत अंडे येते, मूठभर शेंगदाणे आणि गूळ येतो. परंतु शेंगदाण्याची जाहिरात कोणी करीत नाही, आणि शेंगदाणे न दिल्याबद्दल आईला कोणी नापासही करीत नाही.

एकच कंपनी, दोन अपराध :

प्रौढांच्या शरीराकडे वळले की चित्र उलटे होते. मुलाचे शरीर कमी पडते, स्त्रीचे शरीर जास्त होते. केलॉग कंपनीने १९९४ मध्ये भारतात प्रवेश केला; तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे आहे. तिच्या स्पेशल के या उत्पादनाने दोन आठवड्यांच्या आव्हानाची कल्पना जगभर रुजविली, आणि भारतात त्यासाठी लारा दत्ता व पुढे दीपिका पदुकोण यांचे चेहरे वापरले गेले. रोजच्या जेवणाच्या जागी वाटीभर तृणधान्य खाऊन शरीर पंधरा दिवसांत बदलून दाखवायचे, असे हे आव्हान. आव्हान या शब्दात हरण्याची शक्यता अंतर्भूत असते. कमरेचा घेर कमी झाला नाही, तर उत्पादन हरत नाही, स्त्री हरते. शुगर फ्रीसाठी बिपाशा बसू यांची निवड किंवा दुधाच्या पिशवीवरील 'स्लिम' हे विशेषण, ही सर्व याच कुळातील उदाहरणे होत.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. २०१९ मध्ये झायडस वेलनेस या कंपनीने हाइन्झ इंडियाचा व्यवसाय विकत घेतला आणि कॉम्प्लान व ग्लुकॉन-डी तिच्याकडे आले. शुगर फ्री आधीपासूनच तिचे होते. म्हणजे एकाच कंपनीच्या कपाटात मुलाला वाढविणारी पावडर आणि मोठ्यांना वाढू न देणारी गोळी शेजारीशेजारी आहेत. २०२० मध्ये हॉर्लिक्स हिंदुस्थान युनिलिव्हरकडे गेले, आणि त्याच नावाखाली वाढत्या मुलांचे पेय, स्त्रियांचे पेय आणि कमी साखरेचे पेय असे वेगवेगळे डबे मिळतात. यात बेकायदेशीर काहीच नाही. परंतु 'वजन' हा आरोग्याचा विषय आहे असे मानणाऱ्याने हे कपाट एकदा नीट पाहावे. तेथे वजन हा बाजाराचा विभाग आहे. शरीर जेथे असेल तेथे ते चुकीच्या ठिकाणी आहे, एवढेच ग्राहकाला पटवून द्यावे लागते.

तेलाचे उदाहरण मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. सफोला हे नाव करडईच्या इंग्रजी नावावरून, सॅफ्लॉवरवरून घडले. मुंबईच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचे हे तेल पुढे मॅरिको कंपनीकडे आले. करडई हे आपल्या कोरडवाहू रब्बीचे पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' यांसारखे वाण त्यासाठी विकसित केले. आपल्या आज्यांच्या घरी करडईचे तेल होते ते बांधावरच्या पिकाचे आणि गावच्या घाण्याचे म्हणून. सफोलाच्या जुन्या जाहिरातीने त्याला रुग्णवाहिकेचा भोंगा आणि स्ट्रेचर जोडले. पतीचे हृदय सांभाळणे हे पत्नीच्या तेलाच्या निवडीवर अवलंबून आहे, असा तिचा आशय होता. नंतरच्या काळात पोटाचा सुटलेला घेर आणि हृदयविकार यांचा संबंध प्रचाराच्या केंद्रस्थानी आला. वैद्यकीयदृष्ट्या हा संबंध निराधार नाही. प्रश्न असा की, सुटलेले पोट पतीचे आणि अपराध पत्नीचा, ही वाटणी कोणत्या वैद्यकाने केली? आज सफोला नावाच्या तेलांत तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा मोठा वाटा असतो आणि मराठवाड्यात करडईचे क्षेत्र घटत गेले आहे. नाव पिकाचे राहिले, आणि भय मात्र टिकले.

मुलगा बुटका राहिला तर आई, पतीचे पोट सुटले तर पत्नी, स्वतःची कंबर वाढली तर तीच. जाहिरातींतील वडील बहुधा वर्तमानपत्र वाचत असतात.

डोळ्यांना दिसणारे वजन :

जाहिरातीची सर्व भिस्त डोळ्यांवर असते. बारीक म्हणजे निरोगी किंवा बारीक म्हणजे अशक्त, जाड म्हणजे आळशी किंवा गुटगुटीत म्हणजे सुदृढ, हे ती पाहणाऱ्याच्या वयानुसार व लिंगानुसार ठरवते. पण ठरवते ती आकृतीवरूनच. महाराष्ट्रात झालेल्या संशोधनाने नेमका याच गृहीतकाला धक्का दिला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधील माता आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. येथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. आपली बालके सर्वच मापांनी लहान होती. परंतु त्यांच्या शरीरातील स्नायू व अंतर्गत अवयव जितके लहान होते, तितकी त्वचेखालील चरबी कमी नव्हती. बारीक दिसणारे, तरीही तुलनेने चरबीयुक्त असे हे बालक. पुढील आयुष्यातील मधुमेहाचा धोका समजून घेण्यासाठी ही संकल्पना महत्त्वाची ठरली.

२००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक छायाचित्र तर वर्गात दाखविण्याजोगे आहे. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक, म्हणजे उंची-वजनाचे गुणोत्तर, सारखेच : २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काटा एकच आकडा सांगतो, शरीरे दोन निराळ्या गोष्टी सांगतात. काट्याची ही स्थिती असेल, तर नुसत्या डोळ्यांची काय असेल?

लठ्ठपणा ही आरोग्याची गंभीर समस्या नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. उपर्युक्त सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी १८.७ टक्के अतिकृश आणि २४.० टक्के अतिवजनी वा लठ्ठ आहेत. दोन्ही टोके एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात आढळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तेलाचा वापर दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले, त्यामागेही हीच चिंता होती. मात्र निंदेने वजन घटते ही समजूत चुकीची आहे. २०२० साली 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्राने हेच नोंदविले. वजनावरून होणारी अवहेलना शरीर व मन दोहोंना अपाय करते, आणि अशा व्यक्तीला योग्य उपचार मिळणेही दुरापास्त करते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्याकडील विद्यार्थिनींच्या बाबतीत धोका आणखी जवळचा आहे. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचे तेच सर्वेक्षण सांगते. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून सकाळी लवकर निघून येणाऱ्या मुलीने 'डाएट' या शब्दाच्या नावाखाली भाकरीचा डबा टाळणे, हे शहरी वर्गातील उपासापेक्षा निराळे प्रकरण आहे. तिच्या ताटात कमी करण्याजोगे फारसे नसतेच.

'अन्नाखेरीज' :

कायद्याची बाजू पाहताना एका जुन्या अधिनियमापासून सुरुवात करणे इष्ट ठरेल. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत अशा रोगांची व अवस्थांची यादी आहे, ज्यांवर औषध असल्याची जाहिरातच करता येत नाही. त्या यादीत कर्करोग, मधुमेह यांच्यासोबत लठ्ठपणा आहे, व्यक्तीची उंची आहे, आणि स्त्रीच्या वक्षाचा आकारही आहे. शरीराच्या मापांविषयीची लज्जा विकून लोकांना फसविले जाते, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. मग उंची वाढविणारी पावडर आणि कंबर घटविणारी न्याहारी जाहिरातीत कशी येते? उत्तर त्याच अधिनियमातील 'औषध' या शब्दाच्या व्याख्येत आहे. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली कोणतीही वस्तू तीत येते, मात्र 'अन्नाखेरीज'. औषधाच्या दारातून जे वचन देता येत नाही ते अन्नाच्या दारातून, थोडा सूर खाली आणून, देता येते. 'उंची वाढते' याऐवजी 'वाढीस मदत होते'. 'वजन उतरते' याऐवजी 'आव्हान स्वीकारा'.

अन्नासाठी स्वतंत्र कायदा आहेच. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याचे कलम २४ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई करते, कलम ५३ अन्वये दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०१८ च्या जाहिरात व दावे विषयक विनियमांनी दाव्याला शास्त्रीय आधार असण्याची अट घातली. विशेष परवानगीवाचून एखादा पदार्थ जेवणाचा पर्याय म्हणून दाखवू नये, असेही त्यांत आहे. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेवरून वाद उद्भवला. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीस नोटीस दिली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढण्याची सूचना केली, आणि त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या वर्गाचेही नाव बदलले. हा मोठाच टप्पा होय. पण सारा वाद डब्यातील साखरेचा आणि डब्यावरील शब्दाचा होता. ज्या बुटक्या मुलाला पाठीला पाठ लावून उभे केले जाते, त्याचा उल्लेख त्यात कोठेही नव्हता.

टवाळीचा प्रश्न हाताळणारा नियम वेगळा आहे. केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ याच्या सातव्या नियमात वंश, जात, वर्ण, पंथ व राष्ट्रीयत्व यांवरून उपहास करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. शरीर तेथे नाही. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आस्की, ही मुंबईस्थित स्वयंनियमन संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. २०१४ मध्ये तिने त्वचा उजळविणाऱ्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सावळ्या व्यक्तीस दुःखी वा अयशस्वी दाखविण्यास मनाई केली. रंगाच्या बाबतीत हे पाऊल पडले. वजनासाठी आणखी आठ वर्षे जावी लागली. २०२२ मध्ये आस्कीने आपल्या संहितेच्या तिसऱ्या प्रकरणात दुरुस्ती करून उपहास निषिद्ध असलेल्या बाबींत शरीराचा आकार, वय, शारीरिक-मानसिक स्थिती, लिंगभाव-ओळख व लैंगिक कल यांचा समावेश केला. ही संस्था खाजगी असल्याने तिच्या संहितेला किती वजन, असा प्रश्न सहकारी प्राध्यापक हमखास विचारतात. त्याचे उत्तर २००६ साली केबल नियमांत झालेल्या दुरुस्तीत आहे. आस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबल सेवेवरून दाखवू नये, असे तो नियम म्हणतो. त्यामुळे शरीराचा आकार हा शब्द मूळ नियमात नसला तरी या आडमार्गाने तो तेथे पोचला आहे.

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत बालकांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी नकारात्मक प्रतिमा निर्माण करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नैसर्गिक वा पारंपरिक अन्नापेक्षा आपले उत्पादन श्रेष्ठ असल्याचा आभासही निर्माण करू नये, हेही त्यातच आहे. शेंगदाणा-गुळाला कायद्यात मिळालेली ही पहिलीच खुर्ची म्हणायची.

दावा आणि उपहास यांतील हा फरक केवळ आपल्याकडचा नाही. २०१५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत प्रोटीन वर्ल्ड या कंपनीची वजन घटविणाऱ्या पूरक आहाराची जाहिरात झळकली. पिवळ्या पार्श्वभूमीवर पोहण्याच्या वेशातील सडपातळ तरुणी, आणि तुमचे शरीर समुद्रकिनाऱ्यासाठी तयार आहे काय, असा प्रश्न. हजारोंनी निषेध केला. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेने वजन घटविण्याच्या दाव्यांविषयीच्या शंकेवरून ती जाहिरात पुन्हा लावण्यास मनाई केली. पण ती अपमानकारक असल्याचा आक्षेप मात्र फेटाळला. २०१६ मध्ये महापौर सादिक खान यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतून शरीराविषयी लज्जा उत्पन्न करणाऱ्या जाहिराती हद्दपार केल्या. तेथेही नियामकाला जे दिसले नाही ते परिवहन सेवेच्या मालकाला दिसले.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात :

जाहिरात हा विषय माध्यम, वाणिज्य, गृहविज्ञान, समाजशास्त्र अशा अनेक अभ्यासक्रमांत येतो आणि बहुतेक ठिकाणी जाहिरात कशी करावी हेच शिकविले जाते. प्रस्तुत लेखिकेने समाजशास्त्राच्या वर्गात त्याची उलट बाजू घेऊन पाहिली. विद्यार्थ्यांना आपल्या आवडीची कोणतीही खाद्यजाहिरात निवडून आस्कीकडे पाठवावयाच्या तक्रारीचा मसुदा करण्यास सांगितले. जाहिरात कोठे व कधी पाहिली, तिच्यात काय दाखविले आहे, आणि आक्षेप कोणत्या कलमाखाली आहे, एवढ्या तीन गोष्टी त्यात हव्या होत्या. ग्राहकाला अशा तक्रारीसाठी शुल्क पडत नाही; शासकीय मार्गाने जावयाचे तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

पहिल्या मसुद्यांत जवळजवळ सर्वांनी एकच आक्षेप घेतला : दावा खोटा आहे, पावडरीने उंची वाढत नाही. आक्षेप योग्य होता, परंतु तो सिद्ध करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, कंपनीपाशी मात्र चाचण्यांचे अहवाल असतात. नंतर २०२२ चे दुरुस्त कलम वर्गात वाचून दाखविले. हसण्याची तक्रार करता येते, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, हे तेव्हा लक्षात आले. दुसऱ्या मसुद्यांत जाहिराती त्याच होत्या; वर्णने मात्र निराळी आली. कोणत्या क्षणी संगीत बदलते, कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, हसतो कोण आणि मान खाली घालतो कोण, असे तपशील त्यांत होते. एका विद्यार्थिनीने वजन वाढविणाऱ्या पावडरीची जाहिरात निवडली होती. तीतील किडकिडीत मुलाला मित्र हसतात त्या दृश्याखाली तिने लिहिले की हा मुलगा आमच्या वस्तीतल्या बहुतेक मुलांसारखाच दिसतो, आणि तो आजारी आहे असे जाहिरातीत कोठेही म्हटलेले नाही.